स्टिअरिंगवर बसलेला इंजिनिअर : मार्क डोनोह्यू

तुझा प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजच्या टीमची बाहा बग्गी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी बनवलेली खडबडीत जमिनीवरची छोटी गाडी, उभी राहिली आहे. चालवणारा मुलगा म्हणतो, गाडी वळणात ऐकत नाही. डिझाइनची मुलं म्हणतात, आमचं गणित बरोबर आहे, ह्यालाच चालवता येत नाही. या वादात कुणीतरी मार्क डोनोह्यू हे नाव काढलं. ते इंजिनिअर होते, स्वतःच रेस करायचे आणि १९७५ साली अपघातात गेले, इतकंच तुला कळलं. ते नेमके कोण, इतक्या वर्षांनी त्यांचं नाव लोक का काढतात, आणि गाडी ज्याने बनवली त्यानेच ती चालवावी का, असं तू विचारलंस.

माझं काम सस्पेन्शनचं. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत शॉकअप आणि स्प्रिंगांच्या संगतीत वर्षं गेली, आणि रॅली आली की सर्व्हिस क्रूबरोबर रस्त्यावर. डोनोह्यूंना मी पाहिलेलं नाही, पाहणं शक्यही नव्हतं. पण गाडी सेट करायला मी ज्यांच्याकडून शिकलो त्यात त्यांचं नाव पहिलं आहे. तेव्हा उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

आधी मुद्द्याचं सांगतो. चालकाला सीटवर जे जाणवतं ते कागदावरच्या आकड्यात आणायची रीत डोनोह्यूंनी रेसिंगमध्ये फार चिकाटीने राबवली. तुमच्या टीममधलं भांडण नेमकं तिथेच अडलं आहे. तुमचा ड्रायव्हर जाणिवेची भाषा बोलतो, डिझाइनवाले आकड्यांची, आणि दोघांमध्ये दुभाषा नाही. डोनोह्यूंच्या बाबतीत हे तिघेही एकाच हेल्मेटखाली होते.

जन्म १८ मार्च १९३७चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा. ब्राउन विद्यापीठातून १९५९ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. आठवडाभर नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी हौशी रेस, अशी सुरुवात. १९६१ साली एल्व्हा कूरियर या छोट्या गाडीवर त्यांनी हौशी गटातलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. वॉल्ट हॅन्सगेन नावाच्या अनुभवी चालकाने त्यांना हाताशी धरलं आणि मोठ्या रेसच्या गाड्यांपर्यंत नेलं. तेच हॅन्सगेन १९६६ साली फ्रान्समधल्या ल मॉंच्या चाचणीतल्या अपघातात गेले. त्याच वर्षी टीमचे मालक रॉजर पेन्स्कींनी डोनोह्यूंना आपल्या टीममध्ये घेतलं आणि पुढची जवळजवळ सगळी कारकीर्द त्या एका टीमबरोबर झाली. स्वभावाने इतके साधे आणि सभ्य, की लोक त्यांना ‘कॅप्टन नाइस’ म्हणत.

पेन्स्कींकडे त्यांचं काम फक्त गाडी चालवण्याचं नव्हतं. गाडी आणायची, खोलायची, दुरुस्त करायची, चाचणीला न्यायची, रात्री गॅरेजमध्ये थांबायचं आणि सकाळी त्याच गाडीत बसायचं. १९६७ पासून त्यांच्याकडे ट्रान्स-ॲम मालिकेसाठी शेव्हरले कॅमॅरो होती. ही विक्रीतली गाडी रेससाठी तयार केलेली. १९६८ साली त्या मालिकेच्या १३ पैकी १० रेस त्यांनी जिंकल्या. त्या गाडीवरचं काम बघ. लांबच्या रेसमध्ये मध्येच ब्रेक पॅड बदलावे लागतात, आणि पॅड बदलताना वेळ जातो तो कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन मागे ढकलण्यात. त्यांनी इंजिनच्या इनटेकमधला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीतला, व्हॅक्यूम ब्रेकच्या लाइनवर वापरून पिस्टन मागे ओढून घ्यायची सोय केली. पॅड सहज निघतात, नवे सहज बसतात. यात महागडं काहीच नाही. इनटेकमध्ये व्हॅक्यूम असतो हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत असतं, पण तो इथे उपयोगी पडेल हे त्यांना दिसलं, कारण पिटमध्ये सीटवर बसून पॅड बदलायची वाट त्यांनी स्वतः पाहिली होती.

याच कॅमॅरोची दुसरी गोष्ट लोक जास्त रंगवून सांगतात. बॉडी ॲसिडमध्ये बुडवून पत्रा पातळ केला होता. १९६७च्या शेवटच्या रेसनंतर गाडी काट्यावर घातली तेव्हा ती २,८०० पौंडांच्या किमान मर्यादेपेक्षा तब्बल २५० पौंड हलकी भरली, म्हणजे जवळपास ११३ किलो. पेन्स्कींनी अधिकाऱ्यांशी बोलून विजय राखला आणि पुढच्या वर्षीपासून गाड्यांचं वजन रेसच्या आधीच होऊ लागलं. काही जण हा किस्सा कौतुकाने सांगतात, मी सांगत नाही. वजनाचा नियम सगळ्यांना सारखा असतो आणि तो मोडून आलेला वेग त्या इंजिनिअरचा नसतो. मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. नियमाप्रमाणे वजन परत भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते हवं तिथे भरलं. बॉडी हलकी असेल तर भरायचं वजन खाली आणि योग्य जागी ठेवता येतं, गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो. तुमच्या बग्गीला हे लागू आहे. बॅटरी, अग्निशामक, टूल, काहीही बसवताना आधी खाली जागा शोधा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, गोल रिंगणाकडे. इंग्रजीत त्याला स्किडपॅड म्हणतात आणि आपल्याकडची मुलंही तसंच म्हणतात. ठरावीक त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, त्यावर गाडी जितक्या जोरात फिरेल तितकी फिरवायची आणि एका फेरीचा वेळ घ्यायचा. डोनोह्यूंनी ही साधी चाचणी आपल्या पद्धतीचा कणा केली. पोर्शे या जर्मन कंपनीच्या व्हाइसाखच्या चाचणी केंद्रात गेल्यावरही ते तासन्‌तास गोल गोल फिरत. पाहणाऱ्याला हे काम कंटाळवाणं वाटेल. पण रेस ट्रॅकवर एका फेरीत शंभर गोष्टी बदलतात. ब्रेक कुठे मारला, गिअर कधी टाकला, वारा कुठून आला. रिंगणावर या सगळ्या बाजूला पडतात आणि उरते फक्त टायरची पकड. आज स्प्रिंग बदलली आणि वेळ कमी झाला, तर तो स्प्रिंगमुळेच कमी झाला असं म्हणता येतं.

तुम्ही हे नाशिकमध्ये करू शकता, खर्च जवळजवळ नाही. परवानगी घेऊन एखादं मोकळं, सपाट, दाबलेल्या मुरमाचं मैदान बघा. पावसाळ्यात नको, माती दर तासाला बदलते. दसऱ्यानंतर जमीन घट्ट झाली की करा. मधे खुंटी ठोका, दोरी बांधा आणि १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ फक्कीने आखा. चालवणाऱ्याने गाडीचा मध्य फक्कीवर ठेवायचा. वेग हळूहळू वाढवत न्यायचा, गाडी फक्की सोडू लागली की तिथेच धरायचा आणि मग फेरीचा वेळ घ्यायचा. डावीकडून काही फेऱ्या, उजवीकडून तितक्याच.

गणित सोपं आहे. बाजूचं त्वरण म्हणजे चार गुणिले पाय (π) चा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले वेळेचा वर्ग. १५ मीटरच्या रिंगणाला वरची संख्या ५९२ येते. फेरी १०.५ सेकंदांत झाली तर ५९२ भागिले ११०.२५, म्हणजे ५.३७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ०.५५ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). त्या वेळी गाडीचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे जिवावर बेतेल असं काही नाही. आता समजा टायरची हवा बदलली आणि फेरी १०.३ सेकंदांत झाली. उत्तर ०.५७ जी. हा फरक चालकाला नीट जाणवणारही नाही, पण घड्याळाला दिसतो. आणि असे चार बारीक फरक जमले की गाडी दुसरीच होते.

इथे एक नियम कडकपणे पाळायचा. एका वेळी एकच बदल. आणि दिवसाच्या शेवटी सकाळची मूळ सेटिंग परत लावून पुन्हा वेळ घ्यायचा. सकाळी १०.५ आले होते आणि संध्याकाळी त्याच सेटिंगला १०.२ आले, तर मधल्या काळात जमीन दाबली गेली, टायर घासून बसले किंवा चालकाचा हात बसला. मग दुपारचे सगळे आकडे संशयाने बघायचे. ही परत तपासणी मुलं हमखास गाळतात, कारण तोवर ऊन लागलेलं असतं आणि भूक लागलेली असते. ती गाळू नका.

तुमच्या भांडणाबद्दल मला एक शंका आहे, ती इथेच लिहितो. बहुतेक बाहा बग्ग्यांना मागे डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, नसतो. दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणात आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं आणि बाहेरच्याला जास्त. दोघांना एकाच वेगाने फिरायची सक्ती केली की मागची चाकं गाडीला सरळ ढकलत राहतात. चालक स्टिअरिंग फिरवतो, गाडी पुढून घसरत बाहेर जाते. तो चिडून थ्रॉटल, म्हणजे वेगाचं पेडल, दाबतो, मग एकदम मागून घसरते. ‘ऐकत नाही’ म्हणजे तो हेच सांगत असावा. डिझाइनच्या मुलांनी वळणाचं गणित करताना मागची चाकं मोकळी धरली असतील तर त्यांचं गणितही आतून बरोबरच येणार, फक्त ते तुमच्या गाडीचं नाही. उपाय साधारण असे, की मागच्या बाजूचा कलण्याला होणारा विरोध वाढवायचा, म्हणजे वळणात मागचं आतलं चाक हलकं होतं किंवा उचललंच जातं, आणि ढकलणं कमी होतं. त्यासाठी मागे कडक स्प्रिंग, किंवा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी), किंवा पुढे मऊ स्प्रिंग. कुठला उपाय तुमच्या गाडीला पुरेल ते रिंगणावर कळेल.

आता पोर्शेचं काम, कारण डोनोह्यूंचं सर्वांत मोठं काम ते आहे. १९७१च्या अखेरीस पेन्स्की आणि पोर्शे अमेरिका-कॅनडातल्या कॅन-ॲम मालिकेसाठी एकत्र आले. कॅन-ॲममध्ये इंजिनावर जवळजवळ बंधनच नव्हतं. पोर्शेकडे १२ सिलिंडरचं, हवेने थंड होणारं सपाट इंजिन होतं, त्याला दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे, लावायचे होते. पोर्शेकडून हेल्मुट फ्लेगल हे इंजिनिअर आणि इंजिनावर व्हॅलेंटिन शेफर. हे इंजिन टेस्ट बेंचवर, म्हणजे गाडीबाहेर चाचणीच्या चौकटीवर, पूर्ण थ्रॉटलला अफाट ताकद देत होतं. डोनोह्यू ट्रॅकवर घेऊन गेले तेव्हा कळलं, की अर्ध्या थ्रॉटलवर ते चालतच नाही. पाय दाबला की काही नाही, काही नाही, आणि मग एकदम सगळी ताकद. सरळ रस्त्याला हे चालतं. वळणातून बाहेर पडताना यानेच गाडी फिरते.

इथे डोनोह्यू अडून बसले. टर्बो म्हटलं की असंच असणार, चालकाने सवय करून घ्यावी, हे त्यांनी मान्य केलं नाही. थोडी सवय त्यांनी केलीच, ताकद हवी त्याच्या आधीच पाय दाबायला शिकले. पण इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांवर आणि अर्धवट थ्रॉटलवर इंधन किती जातं ते शोधा, हा आग्रह सोडला नाही. त्या काळी हे सगळं मेकॅनिकल इंजेक्शनवर होतं, कॉम्प्युटर नव्हता. किती हवेला किती इंधन हे पंपातला कॅम ठरवायचा, आणि कॅमचा आकार चुकला तर तो घासून नवा करावा लागायचा. आपल्या सातपूरला डिझेलच्या इंजेक्टर आणि नोझलवर पिढ्यान्‌पिढ्या काम झालं आहे. तुमच्यापैकी कुणाचे वडील-काका त्या कामात असतील तर त्यांना विचारा, इंजेक्शनमध्ये एका मायक्रॉनची किंमत काय असते. ते सांगतील, आणि मग या कामाचा आवाका तुमच्या लक्षात येईल.

बेंचवरच्या माणसांना दोष देत नाही. बेंचवर पूर्ण ताकदीचा आकडा मोजायची सवय असते, आणि जे मोजलं जातं तेच सुधारतं. अर्ध्या थ्रॉटलची अडचण फक्त त्या माणसाला कळली जो सीटवर होता, आणि ती इंजिनिअरांना पटेल अशा भाषेत मांडता आली कारण तो स्वतः इंजिनिअर होता. दुसरा एखादा चांगला चालक ‘इंजिन बेकार आहे’ म्हणून मोकळा झाला असता.

१९७२च्या मोसमात रोड अटलांटा या ट्रॅकवर चाचणी चालू असताना त्यांच्या गाडीच्या बॉडीचा मागचा भाग वेगात निघून गेला. मागची पकडच संपली, गाडीचे तुकडे झाले, त्यांचा पाय जबर जखमी झाला. डोनोह्यूंनी घडवलेली गाडी जॉर्ज फोल्मर या चालकाने चालवली आणि त्या वर्षीचं विजेतेपद फोल्मर यांनी मिळवलं. डोनोह्यूंचा जीव वाचला. दोन वर्षं आधी, २ जून १९७० रोजी, इंग्लंडात गुडवुडला ब्रूस मॅक्लारेन स्वतःच्या कॅन-ॲम गाडीची चाचणी करत असताना अगदी असाच मागचा बॉडीचा भाग सुटला आणि ते जागीच गेले. तेही चालक आणि इंजिनिअरच होते, आणि वय फक्त ३२. हे वाचलं की मला नेहमी वाईट वाटतं, कारण दोन्ही वेळा इंजिनही फुटलं नव्हतं आणि चासीही मोडली नव्हती. सुटला होता तो एक आच्छादनाचा भाग. वेगात ते आच्छादन गाडीला जमिनीवर दाबून धरतं, ते गेलं की टायरवरचा भार जातो.

म्हणून तुमच्या गॅरेजमध्ये आजपासून सुरू करायची गोष्ट. प्रत्येक नट टॉर्क पान्याने कसला की त्यावर आणि शेजारच्या भागावर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला आहे. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनच्या प्रत्येक जोडाला नायलॉक नट किंवा स्प्लिट पिन, म्हणजे नट आपोआप सुटत नाही. आणि गाडी बाहेर काढायच्या आधी ज्याने कसलं त्याने सोडून दुसऱ्याने सगळ्या रेघा बघायच्या. बग्गीला पंख नसतात हे खरं, पण स्टिअरिंगचा एक बोल्ट निसटला तर परिणाम तोच.

बरे झाल्यावर डोनोह्यूंनी पुढची गाडी घडवली, पोर्शे ९१७/३०. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर किती ठेवावं, यावर नुसती चर्चा करत बसण्यापेक्षा ते अंतर बदलता येईल अशी चाचणीची चासी बनवली, आणि फिरवून फिरवून २,५०० मिलिमीटर ठरवलं. इंजिन ५.४ लिटर, रेसमध्ये साधारण १,१०० अश्वशक्ती. १९७३च्या मोसमात आठ रेस होत्या. पहिल्या दोन दुसऱ्यांनी जिंकल्या, उरलेल्या सहाच्या सहा डोनोह्यूंनी. इतकी ताकद असलेली गाडी वळणात सरळमार्गी वागत होती, ती त्या अर्ध्या थ्रॉटलवरच्या हट्टामुळे.

काही जण म्हणतात, त्यांच्याकडे गाड्याच भारी होत्या, चालक म्हणून ते मधलेच. मला हे पटत नाही. १९७२ साली त्यांनी इंडियानापोलिस ५०० जिंकली, पेन्स्कींच्या टीमचा तिथला पहिला विजय. सहकारी गॅरी बेटनहाउझेन बहुतेक वेळ पुढे होते, त्यांच्या गाडीने दगा दिला. डोनोह्यू फक्त शेवटच्या १३ फेऱ्या आघाडीवर होते, आणि तरी सरासरी वेगाचा तो विक्रम १९८४ पर्यंत टिकला. म्हणजे मागे राहूनही ते रेंगाळत नव्हते. १९७३च्या जानेवारीत रिव्हरसाइडला त्यांनी अगदी वेगळ्या जातीच्या स्टॉक कारची, नॅसकारची रेस जिंकली. आणि १९७३-७४ साली आयरॉक नावाची मालिका सुरू झाली, तिच्यात जगातले नामांकित चालक एकसारख्या पोर्शे गाड्यांमध्ये बसवले होते. गाडीचा फायदा कुणालाच नाही. ती पहिली मालिका डोनोह्यूंनीच जिंकली. यावर आणखी वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

त्यानंतर ते चालक म्हणून निवृत्त झाले. पण पेन्स्कींनी फॉर्म्युला वनमध्ये उतरायचं ठरवलं आणि १९७४च्या शेवटी डोनोह्यू पुन्हा सीटवर आले. फॉर्म्युला वनमध्ये ते अगदीच नवे नव्हते, १९७१ साली कॅनडात पहिल्याच रेसला तिसरे आले होते. १९७५चं वर्ष मात्र कठीण गेलं. गाडी मनासारखी होत नव्हती, ती बाजूला ठेवून टीमने मार्च कंपनीची ७५१ गाडी घेतली. ९ ऑगस्ट १९७५ रोजी टॅलडेगाला त्यांनी त्याच ९१७/३० मधून बंद ट्रॅकवरच्या वेगाचा विक्रम केला, ताशी २२१.१२ मैल, म्हणजे जवळपास ३५६ किलोमीटर. आठवड्याने, १७ ऑगस्टला, ऑस्ट्रियात रेसच्या दिवशी सकाळच्या सरावात वेगाच्या वळणावर टायर फुटला. गाडी जाळ्या तोडत बाहेर गेली. तिथे उभ्या असलेल्या एका मार्शलचा, म्हणजे ट्रॅकवर झेंडा आणि सुरक्षा सांभाळणाऱ्या माणसाचा, त्यात मृत्यू झाला. हे लिहिताना डोनोह्यूंच्या नावाबरोबर त्या माणसाची आठवणही ठेवली पाहिजे असं मला वाटतं. आपल्या रॅलीत वळणावळणावर झेंडा घेऊन उभी राहणारी मुलं अशीच हौसेने आलेली असतात.

डोनोह्यू शुद्धीवर होते. बोलत होते. डोकं दुखतंय म्हणाले. नंतर प्रकृती ढासळली, ग्राट्सच्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि १९ ऑगस्टला ते गेले. वय ३८.

या भागावर मला थांबायचं आहे, कारण नाशिकमध्ये हे ज्ञान रेसपेक्षा जास्त उपयोगी आहे. डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसतो, बोलतो, हसतो, पाणी मागतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. आत कवटीखाली रक्त साचत असतं. काही तास तो अगदी ठीक दिसू शकतो आणि मग झपाट्याने खालावतो. पेठ रोडला, त्र्यंबकच्या रस्त्याला, कसाऱ्याच्या घाटात दुचाकीवरून पडलेली किती मुलं अशी ‘ठीक आहे’ म्हणून घरी झोपायला जातात. रॅलीत आमचा नियम ठरलेला आहे. हेल्मेटला जोरात मार बसला असेल तर चालक आणि को-ड्रायव्हर दोघांनाही डॉक्टरकडे न्यायचं, ते नाही म्हणाले तरी. डोकेदुखी वाढत जाणं, उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, झटका येणं, यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय. पहिले २४ तास त्याला एकटं सोडायचं नाही. आणि मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, वरून ते कितीही चांगलं दिसलं तरी, कारण आतला फोम एकदाच दबतो. तुमच्या टीमच्या चाचणीच्या दिवशी जवळच्या अशा रुग्णालयाचा नंबर आणि तिथे जायचा रस्ता गॅरेजच्या भिंतीवर लिहिलेला असू दे.

त्या काळी रेसच्या जागी वैद्यकीय व्यवस्था फारच तोकडी असे. सिड वॉटकिन्स नावाचे न्यूरोसर्जन १९७८ साली फॉर्म्युला वनबरोबर आले आणि मग हळूहळू डॉक्टरची गाडी, हेलिकॉप्टर, ट्रॅकवरचं सुसज्ज वैद्यकीय केंद्र हे सगळं नेहमीचं झालं. डोनोह्यूंच्या वाट्याला ते आलं नाही.

आणखी एक नोंद, वाचणाऱ्याला बरं वाटेल म्हणून. डोनोह्यूंनी १९६९ साली डेटोनाची २४ तासांची रेस चक पार्सन्स यांच्याबरोबर जिंकली होती. त्यांचा मुलगा डेव्हिड याने २००९ साली तीच रेस सहकाऱ्यांसह जिंकली, दुसऱ्या क्रमांकापेक्षा ०.१६७ सेकंदाने पुढे.

ते गेले त्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं. त्यात ते गाडीगणिक सांगतात, काय लावलं, काय चाललं, काय फसलं. फसलेल्या गोष्टी त्यांनी लपवलेल्या नाहीत, आणि कामाच्या माणसाला त्याच पानांचा उपयोग जास्त होतो. इंजिनिअर लोक आजही त्यांचं नाव काढतात त्याचं मोठं कारण माझ्या मते हे आहे. रेकॉर्ड मोडले जातात, ९१७/३० संग्रहालयात जाते, पण काम कसं केलं हे लिहून ठेवलेलं असलं की दुसऱ्याला ते उचलता येतं.

राहिला शेवटचा प्रश्न. ज्याने बनवली त्यानेच चालवावी का? स्पर्धेत नाही. स्पर्धेत जो सलग दहा फेऱ्या एकसारख्या वेळेत काढतो त्याला बसवा. एखादी फेरी सर्वांत जोरात काढणारा वेगळा असू शकतो, पण बाहाची मुख्य रेस चार तासांची असते. चाचणीत मात्र डिझाइनच्या प्रत्येकाने रिंगणावर काही फेऱ्या मारल्याच पाहिजेत, परवाना आणि पूर्ण सुरक्षासाहित्यासह. गाडी पुढून घसरते म्हणजे हाताला काय होतं हे ज्याने अनुभवलं त्याला ड्रायव्हरची तक्रार वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आणि ड्रायव्हरने गाडीतून उतरल्यावर कुणाशीही बोलायच्या आधी वहीत लिहायचं: वळणात शिरताना काय झालं, मधे काय झालं, बाहेर पडताना काय झालं, तीन वेगळ्या ओळी. घड्याळ धरणाऱ्याने त्याला वेळ सांगायची नाही, त्याचं लिहून झाल्यावरच. नाहीतर चांगली वेळ ऐकली की गाडी आपोआप चांगली वाटू लागते.

सुरुवात टायरच्या हवेपासून करा, तिला पैसे लागत नाहीत. आधी आहे त्या हवेवर वेळ घ्या, मग फक्त मागच्या दोन टायरमध्ये दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) वाढवा, पुन्हा वेळ घ्या, मग परत मूळ हवेवर या. ते तीन आकडे आणि ड्रायव्हरच्या ओळी मला पाठव, मग स्प्रिंगांचं बोलू. डावीकडच्या आणि उजवीकडच्या फेऱ्या वेगळ्या लिही. त्यात मोठा फरक आला तर आधी चासी सरळ आहे का ते मोजावं लागेल.